पात्रशुद्धी



अनुवादाच्या सेवेत माझ्या वाट्याला एकदा आहारशुद्धीविषयीचा मजकूर आला. भोजनाच्या संदर्भात स्वामींनी सांगितलेल्या तीन शुद्धी आपल्यापैकी अनेकांना बालविकासापासून माहीत आहेत. पदार्थशुद्धी म्हणजे शिधा चांगल्या मार्गाने घरात आलेला असावा. पाकशुद्धी म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याचे मन निर्मळ असावे. पात्रशुद्धी म्हणजे ज्या भांड्यात अन्न शिजते आणि वाढले जाते ते भांडे स्वच्छ असावे. पहिल्या दोन शुद्धींवर मी बराच वेळ घालवला, योग्य शब्द शोधले, वाक्ये पुन्हा पुन्हा तपासली. तिसरी मला फार सोपी वाटली. ‘भांडी स्वच्छ असावीत’ एवढे लिहून मी पुढे गेले. भांडी घासण्यात कसले आले आहे तत्त्वज्ञान, असा माझा समज होता.

पुढे काही महिन्यांनी हा समज मोडला. त्याला कारण झाले पाच जपानी वाडगे आणि स्टीलचा एक ग्लास. त्यातून जे आत्मपरीक्षण घडले ते आपल्यासमोर मांडते.

शेवंतीचे वाडगे

मी व्हाइटफील्डला मावशीकडे राहून एम.कॉम. करते. वृंदावन आश्रम घरापासून फार लांब नाही. दर गुरुवारी मावशीकडे भजन असते आणि महिन्यातून एकदा अभ्यासवर्तुळ भरते. गेल्या वर्षी काका कंपनीच्या कामासाठी तीन महिने जपानमध्ये नागोयाला होते. परत येताना त्यांनी शेवंतीच्या फुलाच्या आकाराचे पाच वाडगे आणले. पिवळसर, थोडेसे खडबडीत, आणि कडेला एकाशेजारी एक उमललेल्या पाकळ्या.

नागोयाच्या ईशान्येला गिफू प्रांतात ताजिमी आणि तोकी ही मातीकामाची गावे आहेत. तिथल्या भांड्यांना मिनो म्हणतात. जपानच्या घरांत रोज वापरली जाणारी कितीतरी भांडी याच भागातून येतात. काकांनी तिथल्या एका छोट्या कारखान्यात असे वाडगे बनताना पाहिले होते आणि ते फार रंगून सांगत. वाडगा चाकावरून उतरला की लगेच त्याचे फूल करता येत नाही. माती ओली असेल तर पाकळी उमटते आणि पुन्हा बसते. माती पूर्ण वाळली असेल तर दाबताच तडा जातो. मधली एक वेळ असते, तेव्हा माती चामड्यासारखी घट्ट झालेली असते, पण अजून वाकते. तेवढ्या वेळात कारागीर कडेवर बोटाने एकेक खाच दाबत जातो आणि गोल कडेच्या पाकळ्या होतात. मग वाडगा वाळतो, एकदा भाजला जातो, त्याच्यावर ग्लेझचा, म्हणजे काचेसारखा लेप चढतो आणि बाराशे अंशांपेक्षा जास्त उष्णतेच्या भट्टीतून तो बाहेर येतो. या सगळ्या प्रवासात भांडे साधारण एक दशांशाने आकसते. त्यामुळे पाचही वाडगे एकाच हातचे असूनही तंतोतंत सारखे नव्हते. एकाची एक पाकळी किंचित आत वळलेली होती. एकाच्या तळाशी ग्लेझचा थेंब गोठून राहिला होता.

आपल्याकडे सहाचा संच असतो, तिथे पाचाचा. जपानी भाषेत चार या अंकाचा एक उच्चार ‘शि’ असा आहे आणि मृत्यूलाही ‘शि’ म्हणतात. म्हणून चाराचा संच कोणी देत नाही. मावशीला हा पाचाचा आकडा फार आवडला. एका वाडग्यात स्वामींचा नैवेद्य, उरलेल्या चारांत घरातले चौघे, असा तिने हिशेब मांडला. पुढे मात्र चार वाडगे काचेच्या कपाटात गेले. पाहुणे आले की तेवढे बाहेर निघत.

सोपा प्रश्न

त्या महिन्याच्या अभ्यासवर्तुळात विषय होता ‘इच्छांवर मर्यादा’. पैसा, अन्न, वेळ आणि शक्ती यांचा अपव्यय करू नये ही स्वामींची शिकवण आपण जाणतोच. प्रसाद त्याच वाडग्यांतून दिला गेला आणि एका ज्येष्ठ सेवादल भगिनींनी हसत हसत विचारले, “काय हो, हे वाडगे मर्यादेत बसतात का?”

चर्चा छान रंगली. काकांनी सेन नो रिक्यू यांची एक कथा सांगितली. रिक्यू (१५२२–१५९१) हे जपानमधील चहाविधीचे सर्वांत थोर आचार्य. त्यांच्या बागेत एकदा निळ्या गोकर्णीसारखी दिसणारी, सकाळी उमलून दुपारी मिटणारी फुले बहरली होती. त्यांची कीर्ती ऐकून सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी पहाटे ती पाहायला आला. बागेत एकही फूल नव्हते. रिक्यूंनी सगळी कापून टाकली होती. हिदेयोशी रागाने चहाच्या खोलीत शिरला, तर समोर एका पात्रात एकच फूल ठेवलेले. ते एक फूल पाहून तो गप्प झाला, असे सांगतात. सौंदर्य ढिगात नसते हे या कथेचे सार.

मग मीही बोलले. यानागी सोएत्सु (१८८९–१९६१) या जपानी विचारवंताविषयी मी वाचले होते. शेतकऱ्यांच्या, कामगारांच्या घरातली साधी, हाताने केलेली, कोणाचेही नाव नसलेली भांडीच खरी सुंदर असतात आणि वापरानेच त्यांचे सौंदर्य पुरे होते, असे ते मानत. अशा वस्तूंसाठी त्यांनी १९३६ साली तोक्योमध्ये एक संग्रहालय उभे केले. नाव न लावता, फळाची आस न ठेवता केलेले काम म्हणजे आपला निष्काम कर्मयोगच नव्हे का, असे मी म्हटले. सगळ्यांनी माना डोलावल्या. दहा स्वस्त बश्या दरवर्षी फेकण्यापेक्षा एक चांगले भांडे आयुष्यभर जपावे. शिवाय त्यात कुंभाराची भाकरी असते, मग तो ताजिमीचा असो वा आपल्या बेंगळुरूच्या पॉटरी टाउनमधला. असा निष्कर्ष निघाला आणि सर्वांचे समाधान झाले.

आज मागे वळून पाहताना वाटते, तो प्रश्न सोपा होता. त्याचे उत्तर देताना आमच्यापैकी कोणालाही काही सोडावे लागले नाही.

युटिलिटीतला ग्लास

मंडळी गेल्यावर अक्का ट्रे उचलायला आल्या. अक्का आमच्याकडे घरकाम करतात. कन्नडमध्ये अक्का म्हणजे थोरली बहीण. मराठीतही तेच. घरातले सगळे त्यांना अक्काच म्हणतात, माझ्या मावशीसकट.

प्रसादाचा शिरा उरला होता. अक्कांना द्यावा म्हणून मी उठले आणि माझे पाय आपोआप युटिलिटीकडे वळले. वॉशिंग मशीनच्या मागच्या कट्ट्यावर एक स्टीलचा ग्लास आणि एक ताटली पालथी घातलेली असते. मी त्या ताटलीत शिरा वाढला आणि अक्कांच्या हातात दिला. त्या दाराशी उभ्या राहून खाऊ लागल्या आणि मी आत येऊन बसले. टेबलावर शेवंतीचे चार वाडगे रिकामे पडले होते.

तेव्हा माझ्या मनात एक प्रश्न आला. ही ताटली अक्कांची आहे, हे मला कोणी सांगितले होते? मी खूप आठवून पाहिले. कोणीही नाही. मावशीकडे राहायला आले त्या पहिल्याच दिवशी, कोणी न सांगता, मला तो ग्लास कोणाचा ते कळले होते. कारण आमच्या धाराशिवच्या घरीही असा एक कप आहे. कान तुटलेला, मोरीच्या वरच्या फळीवर ठेवलेला. लहानपणापासून तो मी तिथेच पाहते आहे. अक्कांची जात कोणती हे मावशीच्या घरात कोणी कधी विचारले नाही. विचारायची गरजच पडली नाही, कारण ग्लास आधीपासूनच वेगळा होता.

आणि दुसरी गोष्ट. थोड्या वेळाने तेच चार वाडगे घासायला अक्काच घेऊन गेल्या. कोणत्या वाडग्याची पाकळी आत वळलेली आहे आणि कोणत्याच्या तळाशी थेंब आहे हे आमच्यापेक्षा त्यांच्या बोटांना जास्त ठाऊक आहे. त्यांच्या हातांनी वाडगा स्वच्छ होतो आणि त्यांच्या ओठांनी तो अस्वच्छ होईल, असे आमचे घर न बोलता मानत होते. स्वामींच्या नैवेद्याचा वाडगाही त्यांच्याच हातांनी घासलेला असतो.

त्या रात्री मी माझा जुना अनुवाद उघडला. पात्रशुद्धी: भांडी स्वच्छ असावीत. मराठीत पात्र म्हणजे भांडे, आणि पात्र म्हणजे योग्यही. अमुक माणूस पात्र आहे, तमुक अपात्र आहे, असे आपण म्हणतो. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ माझ्या समोर होते आणि मी त्यातला एकच लिहिला होता.

एक बुटके दार

रिक्यूंची फुलांची कथा काकांनी सांगितली, पण त्यांच्या चहाच्या खोलीची आणखी एक गोष्ट आहे. ती मी नंतर वाचली. त्या खोलीचे दार जेमतेम दोन फूट उंच असते. आत जायचे तर कोणालाही गुडघ्यांवर टेकून, मान खाली घालूनच जावे लागते. सामुराई योद्ध्याला तलवार बाहेर ठेवावी लागे. आत गेल्यावर सरदार कोण आणि व्यापारी कोण, हा भेद मागे राहावा अशी ती योजना होती. आणि घट्ट चहाचा जो मुख्य विधी असतो, त्यात वेगवेगळे पेले नसतात. एकच वाडगा एका पाहुण्याकडून दुसऱ्याकडे जातो. प्रत्येक जण कड पुसतो आणि पुढच्याला देतो.

म्हणजे ज्या परंपरेत असे वाडगे घडले, तिच्या गाभ्याशी हा विचार होता की दोन माणसांचे ओठ एकाच कडेला लागावेत. तिथेही माणसे घसरलीच. पुढे चहाच्या एकेका भांड्यासाठी सरदारांनी अफाट संपत्ती ओतली आणि त्याच हिदेयोशीने सोन्याची चहाची खोली बनवून घेतली. सुंदर वस्तू नम्रतेसाठी घडवावी आणि तिचाच अहंकार व्हावा, हे जपानमध्ये झाले तसे आमच्या काचेच्या कपाटातही झाले.

रिक्यू जपानमध्ये होते त्याच काळात आपल्या पैठणला एकनाथ महाराज (१५३३–१५९९) होते. श्राद्धाचा स्वयंपाक घरी झालेला, आणि त्याचा वास घेत भुकेली माणसे रस्त्याने चाललेली, ज्यांना त्या काळी अस्पृश्य मानत. नाथांनी ब्राह्मणांची वाट न पाहता त्यांनाच पानावर बसवले. ब्राह्मणांनी बहिष्कार घातला, तेव्हा प्रत्यक्ष पितरच जेवायला आले, अशी कथा आहे. ही कथा आपण कीर्तनात ऐकतो, डोळे भरून येतात. आणि तरी त्यानंतर सव्वातीनशेहून अधिक वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. पुढे राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नाहीशी केली. कायदा तळ्यापर्यंत आणि विहिरीपर्यंत पोहोचला. वॉशिंग मशीनच्या मागच्या कट्ट्यापर्यंत तो पोहोचू शकत नाही. तिथे फक्त साधना पोहोचू शकते.

आपण रोज जेवण्यापूर्वी ‘ब्रह्मार्पणम्’ म्हणतो. अर्पण, अर्पण केले जाणारे अन्न, अग्नी, अर्पण करणारा, सगळे ब्रह्मच, असा पहिल्या श्लोकाचा भाव आहे. आणि दुसऱ्यात भगवंत सांगतात की मीच वैश्वानर अग्नी होऊन प्राण्यांच्या देहात राहतो आणि अन्न पचवतो. कोणत्या प्राण्यांच्या? त्यात काही वगळलेले नाही. तो अग्नी जसा माझ्या पोटात आहे तसाच युटिलिटीच्या दाराशी उभ्या असलेल्या अक्कांच्या पोटात आहे. स्वामींनी सांगितले की तिन्ही शुद्धींची खात्री माणूस देऊ शकत नाही, म्हणून अन्न आधी भगवंताला अर्पण करावे. मग ते प्रसाद होते आणि दोष उरत नाही. मग आम्ही टेबलावर ब्रह्मार्पणम् म्हणून झाल्यावर, त्याच प्रसादाला पुन्हा वेगळी ताटली कशासाठी शोधत होतो?

मी केलेली चूक

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आश्रमात गेली होती. मी उत्साहाने काचेचे कपाट उघडले, शेवंतीचा वाडगा काढला, त्यात उपमा वाढला आणि अक्कांच्या समोर धरला.

“बेडा अम्मा,” म्हणत अक्का मागे सरकल्या. नको. मी आग्रह केला. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, भीती होती. “ओडेदु होद्रे?” त्या म्हणाल्या. फुटला तर? पूर्वी एका घरी त्यांच्या हातून काचेचे भांडे फुटले होते आणि ते पैसे पगारातून कापले गेले होते. त्यांनी स्वतःच जाऊन स्टीलची ताटली आणली, उपमा त्यात ओतून घेतला आणि माझा वाडगा धुऊन, पुसून, कपाटात जिथल्या तिथे ठेवला.

मला आधी वाईट वाटले, मग राग आला, आणि मग लाज वाटली. मला त्यांचा सन्मान करायचा होता की मी किती वेगळी आहे हे स्वतःला दाखवायचे होते? मी मावशीच्या नकळत, मावशीची वस्तू, ज्यांना ती नको होती त्यांच्यावर लादत होते. फुटली असती तर भोगायचे त्यांनीच होते. माझ्या त्या कृतीत वाडगा होता, उपमा होता, मी होते. अक्का त्यात कुठेच नव्हत्या. त्यांना काय हवे आहे हे मी विचारलेच नव्हते.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. भांडे फुटले तर त्याची नोंद नुकसानीच्या खात्यात करता येते. एका माणसाने वर्षानुवर्षे दाराशी उभे राहून चहा प्यायला, त्याची नोंद कोणत्याही खात्यात येत नाही. म्हणूनच ते नुकसान इतकी वर्षे चालू शकते.

मावशीशी बोलणे

मावशीशी बोलायला मला चार दिवस लागले. ती व्हाइटफील्डच्या आपल्या सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलमध्ये सेवेला जाते. १९ जानेवारी २००१ रोजी स्वामींनी सुरू केलेल्या या रुग्णालयात उपचारांचे पैसे घेत नाहीत, हे आपण जाणतोच. मावशी तिथे कोणाही अनोळखी रुग्णाचा हात धरते, त्याला आधार देऊन बसवते. तो कोण, कुठला, हे तिने कधी विचारले नाही. अशा माणसाला मी काय सांगणार, असे मला वाटत होते.

मी ग्लासाविषयी बोलले तेव्हा ती दुखावली. “अगं, वेगळा कुठे आहे? तो तिचा स्वतःचा आहे. आपला जसा प्रत्येकाचा ग्लास असतो तसा.”

मी म्हटले, “मग आपले ग्लास स्वयंपाकघरात का आणि तिचा बाहेर का?”

“स्वच्छतेचं पण बघावं लागतं ना. ती दहा घरी जाते.”

“काका रोज मेट्रोने जातात मावशी. परवा पाहुण्यांना सर्दी होती, त्यांना आपण शेवंतीचाच वाडगा दिला.”

मावशी काही बोलली नाही. मग थोड्या वेळाने हळूच म्हणाली, “तिलाच तसं बरं वाटतं गं. मी मागे एकदा आत बसायला सांगितलं होतं.” तिचे हे म्हणणे खोटे नव्हते. मला अक्कांचे “बेडा” आठवले. ज्याला आयुष्यभर दारातच उभे केले, तो एकदा बोलावल्याने आत येऊन बसत नाही. त्याच्या न बसण्याला त्याची आवड म्हणणे आपल्या सोयीचे असते. मी माझी उपम्याची फजिती सांगितली, तेव्हा मावशी हसली आणि मग गंभीर झाली. “तू तिला विचारलंस का, काय हवंय ते?”

मी म्हटले, “नाही.”

“मीही नाही,” मावशी म्हणाली.

थापटण्याची परीक्षा

माझे आजोळ तेरपासून जवळ आहे, संत गोरोबाकाकांचे तेर. लहानपणी आईने तिथल्या मंदिरात ती प्रसिद्ध कथा सांगितली होती. सगळे संत जमलेले असताना मुक्ताबाईंनी गोरोबाकाकांना विचारले, यातली पक्की मडकी कोणती आणि कच्ची कोणती? काकांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर मारत गेले. सगळे शांत राहिले. नामदेवांना मात्र अपमान वाटला, ते रागावले. हे मडके कच्चे आहे, असा निवाडा झाला. नामदेव तर विठ्ठलाचे लाडके. त्यांच्या भक्तीत काय उणे होते? पण भक्ती कितीही असो, मी कोणीतरी आहे ही भावना आत कुठे ओली राहिली असेल तर थापटणे ते बरोबर शोधते. पुढे नामदेव विसोबा खेचरांना शरण गेले आणि त्यांचे मडके पक्के झाले.

मडक्याचा कच्चेपणा बाहेरून दिसत नाही. रंग सारखा, आकार सारखा. वाजवून पाहिल्यावरच कळते. आपण भजन करतो, नारायणसेवा करतो, मी अनुवाद करते, मावशी रुग्णालयात जाते. हे सगळे खरे आहे, त्यात ढोंग नाही. आणि तरीही स्टीलच्या एका ग्लासाने आम्हाला वाजवून पाहिले, तेव्हा आवाज बद्द आला. नारायणसेवेत आपण ज्याला नारायण म्हणून वाढतो, तो वर्षातून काही वेळा आपल्यासमोर येतो. जो रोज येतो त्याच्यासाठी मात्र तो शब्द आपल्याला आठवत नाही.

हे मी कोणावर दोष ठेवायला लिहीत नाही. त्या घरातली पहिली दोषी मी आहे, कारण कोणी न सांगता मला तो ग्लास सापडला होता.

विचारल्यावर

मावशीने अक्कांना विचारले. जवळ बसवून, कन्नडमध्ये, सावकाश. अक्कांना आधी काही खरे वाटेना. मग त्यांनी सांगितले की त्यांना महिन्यातले दोन रविवार सुट्टी हवी आहे, मुलीला भेटायला जायला. आणि भांडे फुटले तर पैसे कापणार नाही, असे आधीच सांगून ठेवावे. वाडग्याविषयी त्या काही बोलल्या नाहीत. आम्ही दोघी आठवडाभर वाडग्याचा विचार करत होतो आणि त्यांना रविवार हवा होता.

सुट्टी ठरली. पगार कापणार नाही हे काकांनी सगळ्यांसमोर सांगितले, आम्हा मुलींनाही उद्देशून, कारण भांडी आम्हीही फोडतो. मावशीने युटिलिटीतला ग्लास आणि ताटली उचलून स्वयंपाकघराच्या मांडणीत आमच्या ग्लासांशेजारी ठेवली. काचेच्या कपाटातले चार वाडगेही खाली आले आणि रोजच्या वापरात मिसळले. महिनाभरात त्यातल्या एकाची पाकळी मावशीच्याच हातून नळाला लागून उडाली. ती क्षणभर गप्प झाली आणि मग म्हणाली, “झालं एकदाचं. आता भीती गेली.” तो वाडगा अजून वापरात आहे, मावशी त्यात दही लावते.

अक्का आता चहा घ्यायला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसतात. रोज नाही, पण बसतात. त्यांच्या हाताशी आमचे कप असतात, वाडगे असतात, सगळे असते. पुष्कळदा त्या तोच जुना स्टीलचा ग्लास उचलतात. एकदा मी न राहवून विचारले, आता हाच कशाला? त्या हसून म्हणाल्या, तुमच्या कपात चहा फार थोडा मावतो.

ग्लास तोच आहे. पूर्वी तो आम्ही त्यांच्यासाठी ठरवलेला होता, आता तो त्या स्वतः निवडतात. पात्रशुद्धीचा जो अर्थ मला अनुवाद करताना सापडला नव्हता तो मला इथे दिसला. साबण आणि पाणी भांड्यावरचा मळ काढतात. भांड्यावर आपण जी सीमा आखतो ती पुसायला आपल्यालाच बसावे लागते. ती पुसली की साधा स्टीलचा ग्लासही शुद्ध असतो, आणि ती शिल्लक असेल तर शेवंतीच्या पाकळ्या कितीही सुंदर असोत, त्या वाडग्यातला प्रसाद अर्धाच अर्पण झालेला असतो.

माझ्या धाराशिवच्या घरी मोरीच्या फळीवर तो कान तुटलेला कप अजून आहे. दिवाळीला जाईन तेव्हा आईशी बोलणार आहे. या वेळी वाडगा पुढे करण्याआधी, आमच्याकडे येणाऱ्या मावशींना आधी विचारणार आहे.

आपणा सर्वांना प्रेमाची विनंती आहे. या आठवड्याची साधना म्हणून आपापल्या स्वयंपाकघरात एकदा शांतपणे उभे राहावे आणि पाहावे. कोणते भांडे एकटे ठेवलेले आहे? ते तिथे कोणी ठेवले? आणि ज्यांच्यासाठी ते ठेवले आहे, त्यांना आपण कधी काही विचारले आहे का?

जय साईराम.